मूळ गळती

तारापूरच्या खाडीकाठी मीठ खात्याची जुनी कचेरी आहे. मिठावर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी ती बांधली. पुढे इंग्रज गेले, मीठ गेले, आणि नजर ठेवण्यासारखे काहीच उरले नाही, तेव्हा गावाने ती जागा नाटकवाल्यांना दिली. 'खाडीकाठ नाट्य मंडळ' ही ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था आहे आणि स्थापनेपासून आजवर ती या तत्त्वापासून एकदाही ढळलेली नाही.

कचेरीचे छप्पर रंगमंचाच्या बरोबर मधोमध गळत असे. मंडळाचे दिग्दर्शक धर्माजी तामोरे यांनी ही गोष्ट सरकारच्या कानावर घालायचे ठरवले. पुढे जे घडले त्याला दुसरे कोणीही जबाबदार नाही.

धर्माजींना घाई होती, कारण मंडळ नवे नाटक बसवत होते. नाटकाचे नाव 'सासू पळाली' आणि सासू होती जवळच्या दांडी गावची सुलू मेहेर. सुलू सकाळी बोईसरच्या बाजारात मासळी विकायची आणि संध्याकाळी तालमीला यायची. मंडळात ती कित्येक वर्षे होती, पण तिच्या वाट्याला कायम कुणाची तरी आई येई. पहिल्या अंकात 'जेवायला वाढलंय' म्हणायचे आणि तिसऱ्या अंकात मरायचे. या नाटकात मात्र ती नायिका होती. नाटकातली सासू भांडत नाही, रडत नाही. तुला कुठे जावेसे वाटते असे तिला जन्मात कुणी विचारले नाही, एवढ्याच कारणावरून ती एक दिवस पिशवी घेऊन घराबाहेर पडते. तिचे मोठे भाषण रंगमंचाच्या मधोमध होते, म्हणजे नेमके गळतीखाली.

"मासळीवर पाणी मारतात तसा वाटते," सुलू म्हणायची. "पण बोलून टाकते मी."

सरकारने नव्याने स्थापन केलेल्या वारसा जपणूक कक्षाला पालघरजवळ कोळगावच्या पलीकडे भाड्याची जागा मिळाली होती. कक्षाच्या प्रमुख राजनंदिनी मॅडम. धर्माजींनी तिथे जाऊन नाटकाचे नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"मी कॉलेजात एकांकिका केलीय," त्या म्हणाल्या. "रंगभूमी जगलीच पाहिजे."

"थोडी कौलं मिळाली तर जगंल, मॅडम."

"कौलं म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे जपणूक येते."

"दोन्हींत फरक काय?"

"दुरुस्तीत वस्तू सुधारते," मॅडम समजावून म्हणाल्या. "जपणुकीत आम्ही तसं होऊ देत नाही."

धर्माजींना एवढेच कळले की आपले काम झाले. ते बोईसरहून पेढे घेऊन परतले.

पाहणीला कक्षाचा सल्लागार हर्षित आला. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्याने भिंती बोटाने वाजवल्या, वासे हुंगले, आणि शेवटी गळतीखाली उभा राहून बराच वेळ वर पाहिले.

"काका, ही गळती कधीपासून?"

"माझ्या बापाच्या आधीपासून," धर्माजी अभिमानाने म्हणाले. तक्रार जुनी असली की लवकर दखल घेतली जाते, असा त्यांचा समज होता.

"म्हणजे मूळ गळती आहे!" हर्षितचे डोळे चमकले. "मला वाटलं नंतर झाली असेल. अशी अस्सल गळती आता बघायला मिळत नाही."

"अस्सल असली तरी पाणी पडतं, साहेब."

"पडलंच पाहिजे. ती बुजवली तर वास्तूचा आत्माच जाईल."

अशा प्रकारे कचेरीसोबत गळतीही संरक्षित झाली. तिच्याखालची प्लास्टिकची बादली काळाशी विसंगत म्हणून काढून तिथे तांब्याचे घंगाळ ठेवले गेले. 'या वास्तूस इजा पोहोचवू नये' असा फलक लावला गेला आणि तो पक्का बसावा म्हणून दर्शनी दगडी भिंतीला मोठी भोके पाडण्यात आली. पावसाळा सरला तशी गळती आटली. येणाऱ्यांची निराशा नको म्हणून कक्षाने छपरावर टाकी बसवून तिला बारमाही केले. आसपासच्या वाड्यांत नळाला एक दिवसाआड पाणी येई. गळतीला मात्र रोज येई.

इथवर मंडळाने निभावून नेले. सुलूने तर भाषण घंगाळाच्या डावीकडे उभे राहून म्हणायची सवयही करून घेतली. पण वारसा म्हणजे नुसती भिंत नव्हे, असे कक्षाच्या बैठकीत निघाले. मीठ कचेऱ्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. या कचेरीचे वेगळेपण तिच्यातल्या नाटक मंडळात आहे. तेव्हा मंडळही जपायला हवे.

एका संध्याकाळी हर्षित न सांगता तालमीला आला आणि त्याने दारातूनच फोटो काढला. त्या क्षणी धर्माजी हात वर करून ओरडत होते. सुलू बाकावर पाय घेऊन अंबाड्यात पिन खोचत होती. प्रॉम्प्टर कीर्ती जांभई देत होती. आणि रामकिसन, जो मूळचा परभणीचा, बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्टवर काम करणारा आणि नाटकात फौजदार, तो डोक्यावर फौजदाराची टोपी आणि कमरेला लुंगी अशा वेशात चहा पीत होता.

"हीच तुमची नोंद," हर्षित म्हणाला. "येणाऱ्या लोकांना मंडळ असंच दिसलं पाहिजे."

"आवो, माझी पँट वाळत होती!" रामकिसन कळवळला. "मला पँट तर घालू द्या."

"घातली तर तो अनधिकृत फेरबदल होईल."

"आन् नाटक?" सुलूने विचारले. "नाटक कवा करायचा आमी?"

हर्षितने खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "सुलूमावशी, तुमचं नाटक छान असेल. पण ते नवीन आहे. वारशात नवीन कसं बसवायचं? पन्नास वर्षांनी ते जुनं होईल, तेव्हा जरूर करा."

"तवर मी बसणार हाय का?"

"मग जुनं नाटक करू," धर्माजी मध्ये पडले. "माझ्या बापाचं."

पण जुन्या नाटकाचा पुरावा लागत होता. पुरावा म्हणून एकच फोटो सापडला. त्यात सगळे नट रंगमंचावर गप्प बसले होते, कारण त्या रात्री वीज गेली होती आणि ती येण्याची ते वाट पाहत होते. हर्षितने भिंग लावून तो फोटो पाहिला. कुणाचेही तोंड उघडे नव्हते. मंडळाची अस्सल परंपरा मूकबैठकीची आहे, असा निष्कर्ष निघाला. शिवाय मोठ्याने बोलल्याने वाशांना हादरे बसतात, हेही त्याच सुमारास लक्षात आले.

"म्हणजे आम्ही करायचं काय?" धर्माजींनी विचारले.

"तुम्ही फोटोत आहात तसे असायचं," हर्षित म्हणाला. "बाकी सगळं आम्ही बघू."

त्या दिवसापासून सुलू फार बोलेनाशी झाली. घरी बोंबील साफ करता करता ती सासूचे भाषण म्हणायची. एकदा तिच्या खऱ्या सुनेने, प्रतीक्षाने, ते दाराआडून ऐकले आणि ती घाबरून म्हणाली, "आई, तुमी कुठं निघाल्या?"

"कुठं नाय गो," सुलू म्हणाली. "तेच तर."

उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली गेली, आणि कधी नव्हे ते घडले. लोक आले. बोईसरच्या वसाहतींतून कुटुंबेच्या कुटुंबे आली, पालघर-सफाळ्याहून शाळांच्या सहली आल्या, मुंबईहून गाड्या आल्या. मंडळाने जिवंतपणी जेवढे प्रेक्षक पाहिले नव्हते तेवढे एका रविवारी दारात उभे राहू लागले. लोक गळतीखाली हात धरीत. घंगाळात नाणी टाकून इच्छा मागत. धर्माजींच्या वर केलेल्या हाताशेजारी उभे राहून आपलाही हात वर करीत आणि फोटो काढीत. रामकिसन रात्रपाळी करून यायचा तो टोपीखाली झोपूनच जायचा. 'किती सहज अभिनय!' म्हणून सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडत.

एक गृहस्थ तर रडले. "रंगभूमी संपली म्हणतात," ते बायकोला म्हणाले. "बघ, इथे कशी जपलीय."

"शेवटचं नाटक कधी पाहिलंत, दादा?" धर्माजींनी ओठ न हलवता विचारले.

"आम्हाला कुठे वेळ मिळतो हो," गृहस्थ डोळे पुसत म्हणाले.

धर्माजींना आत कुठेतरी बरे वाटत होते. आयुष्यभर ज्या गर्दीची वाट पाहिली ती समोर होती. या बरे वाटण्याची त्यांना लाजही वाटत होती, म्हणून ते सुलूकडे पाहायचे टाळत. पाहायचे म्हटले तरी मान वळवायला परवानगी नव्हतीच.

आणि एका रविवारी, भर गर्दीत, सुलूने अंबाड्यातला हात खाली घेतला. पाय बाकाखाली सोडले. ती उठली, घंगाळाच्या डावीकडे जाऊन उभी राहिली आणि सासूचे भाषण म्हणू लागली.

"स्टेशनावर गेले मी. मास्तर विचारते, कुठचा तिकीट देऊ? मी म्हटला, कुठचा पण दे. आजवर हा पहिला माणूस, मला कुठं जायचा ते विचारणारा..."

सगळे मोबाइल तिच्याकडे वळले. धर्माजींचा हात वरच होता. ते मनातल्या मनात पुढचे वाक्य म्हणत होते. इतके चांगले भाषण सुलूने तालमीत कधीच म्हटले नव्हते.

"ओ मावशी!" गर्दीतून आवाज आला. "जरा स्थिर राहा ना. फोटो हलतोय."

मागून दुसरा म्हणाला, "जागेवर बसा की! आम्ही लांबून आलोय."

सुलूने वाक्य पुरे केले, पिशवी उचलली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. नाटकात असेच होते. तिला थांबवण्याचे कुणाच्याच लक्षात आले नाही.

कक्षाने हे फार मनाला लावून घेतले. संरक्षित घटकाने स्वतःहून जागा सोडणे ही घटना अभूतपूर्व होती. राजनंदिनी मॅडम स्वतः दांडीला आल्या.

"सुलूताई, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"मॅडम, तुमी नाटकात काम केलं ना?" सुलूने विचारले. "मग सांगा, बोलल्याबिगर राहवलं होतं का तुमाला?"

मॅडम म्हणाल्या, "ते वेगळं होतं. तेव्हा मी नोकरीत नव्हते."

सुलूच्या जागी फायबरचा पुतळा बसवण्यात आला. हुबेहूब जमला होता. अंबाडा, पिन, बाकावरचा पाय, काहीच चुकले नव्हते. पुतळा वेळेवर असे आणि त्याला मासळीचा वासही येत नसे. पुढच्याच आठवड्यात रामकिसनने टोपी खुर्चीवर ठेवली. "झोपायचंच हाय तर घरी झोपतो ना साहेब, पँट घालून," तो म्हणाला. त्याच्या मागोमाग कीर्ती गेली. त्यांचेही पुतळे आले. शेवटी धर्माजी एकटेच हात वर करून उभे राहिले, तीन पुतळ्यांना दिग्दर्शन करीत. एक दिवस समोरच्या लहान मुलीने आईला विचारले, "यातला खरा कुठला?" आईने सगळ्यांकडे नीट पाहिले आणि रामकिसनच्या पुतळ्याकडे बोट दाखवले. धर्माजींनी हात खाली घेतला. तो खूप दुखत होता.

नाटकाच्या कपड्यांची पेटी न्यायला चौघे एकदाच परत गेले. पेटी संरक्षित असल्याने मिळाली नाही. सुलू स्वतःच्या पुतळ्यासमोर क्षणभर उभी राहिली.

"ताई, बाजूला व्हा ना प्लीज," मोबाइल धरलेली एक बाई म्हणाली. "त्या मावशींचा फोटो घ्यायचाय. फार थोर कलाकार आहेत त्या."

सुलू बाजूला झाली.

'सासू पळाली'चा पहिला प्रयोग दांडीला, मासळी सुकवायच्या ओट्यावर झाला. फौजदाराला टोपी नव्हती, पण पँट होती. समोर जाळी विणत बसलेल्या बायका, त्यांची पोरे आणि प्रतीक्षा, एवढेच प्रेक्षक. सुलू स्टेशनावरचे भाषण म्हणू लागली तसे जाळ्यावरचे हात थांबले. नाटकातला फौजदार तिला परत न्यायला आला, तेव्हा शेजारची शकू चक्क उभी राहून ओरडली, "जाऊ नको गो सुलू! परत गेलीस तर पायच मोडीन तुझा!" सगळा ओटा हसला. प्रतीक्षा हसता हसता रडत होती. सुलूने हे पाहिले आणि पुढचे वाक्य तिने थेट सुनेकडे बघून म्हटले. धर्माजी कडेला अंधारात उभे होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले होते.

तिकडे मीठ कचेरीला आता रांग लागते. 'रंगभूमी जपा' असे लिहिलेल्या टोप्या दारात फुकट मिळतात आणि लोक त्या आनंदाने घालतात.

पुढचा प्रयोग शनिवारी संध्याकाळी दांडीलाच आहे. प्रवेश सर्वांना खुला. ही हकीकत ज्यांना सांगितली ते सगळे हळहळले आणि नक्की येतो म्हणाले. तुम्हीही आत्ता मनात तेच म्हणालात. म्हणून कीर्तीने खुर्च्या मांडलेल्या नाहीत.