कारणाचा रकाना

आमच्या कोंडवाड्याच्या वहीत माझ्या अक्षरात एका बाईची नोंद आहे. ती नोंद गावाबाहेर कशी फुटली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो. पण आधी गेनूआबा सांगायला हवेत, कारण त्यांच्याशिवाय हा प्रकार कोणाला खरा वाटणार नाही.

भोसरी आणि चाकणच्या मधे आमचं गाव. तिथे मी ग्रामपंचायतीचा कारकून आणि गेनूआबा कोंडवाड्याचे राखणदार. कोणाच्या पिकात शिरलेलं जनावर आबा आत घालत, मी वहीत नोंद करी आणि मालक दंड भरून सोडवून नेई. पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या, चरायला जागा उरेना, तसा आमचा कोंडवाडा भरू लागला. वहीचे रकाने छापील: वर्णन, मालक, कुठे सापडले, कारण, सुटका. आबांना लिहिता येत नसे. ते सांगत, मी लिहीत असे.

घोटाळा ‘कारण’ या रकान्यात होता. सरकारला तिथे ‘ज्वारी खाल्ली’, ‘घेवडा तुडवला’ असं काहीतरी हवं असे. आबांचं म्हणणं, हे कारण शेतवाल्याचं झालं, जनावराचं लिहा.

“जनावराला कसलं कारण?” पहिल्याच दिवशी मी विचारलं.

“घर सोडून आलंय न्हवं, भाऊसाहेब? उगाच येतंय व्हय कुनी?”

तेव्हापासून वहीत असं चढू लागलं: ‘तांबडा बैल, एक शिंग आखूड. कारण: नव्या बैलाचं कौतुक याच्यादेखत केलं.’ ‘म्हैस, कपाळावर चांदवा. कारण: धार काढणारी लेक सासरी गेली, हिला कोणी सांगितलं नाही.’ ‘शेळी. कारण: स्वभाव.’ एका बेलदाराच्या गाढवापुढे रकाना तीन दिवस कोरा राहिला. आबा रोज त्याच्यापाशी उकिडवे बसत आणि येऊन सांगत, “आजून काय बोलंना. लई मनाला लावून घेतलंय.”

दंड भरला की जनावर सुटतं, हा सरकारी कायदा. आबांचा कायदा निराळा. “आदी समजूत, मग पावती.” मालकाने आत जायचं, मानेखाली खाजवायचं, नाव घेऊन दोन शब्द बोलायचे. पाटलांचे थोरले चिरंजीव पांढऱ्या टोपीत त्या तांबड्या बैलासमोर उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

“काय बोलू, आबा?”

“चुकलं म्हना.”

“बैलाला?”

“मग काय मला?”

चिरंजीवांनी मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि पुटपुटले. बैलाने त्यांची बाही चाटली. “झालं. न्या,” आबा म्हणाले.

म्हशीच्या मालकिणीला त्यांनी लेकीचं जुनं लुगडं गुंडाळून धारेला बसायला सांगितलं. म्हैस पान्हावली. त्या घरून आबांना तांब्याभर दूध आलं. ते त्यांनी गाढवापुढे ठेवलं. गाढवाने तोंड लावलं नाही. “बगा,” आबा मला म्हणाले, जणू काही सिद्ध झालं होतं.

माझं मत साधं होतं. जनावराला पोट असतं आणि पाठ असते. रुसणं, झुरणं ही माणसाची मिजास.

“आपल्यासारखं वाटतं होय त्यांना?” मी म्हणत असे.

“आपल्यावानी न्हाई,” आबा शांतपणे सांगत. “मानूस रुसला की खोटं कारन सांगतंय. ह्यांना तेवढं जमत न्हाई.”

दर तीन महिन्यांनी तालुक्याचे साहेब वही तपासायला येत. एकदा त्यांनी बोट ठेवून विचारलं, “हे ‘रुसवा’ कोणत्या नियमात बसतं?”

“नियमात बसलं असतं तर रुसलं कशाला असतं, सायेब?”

साहेबांनी थोडा विचार केला आणि खाली सही केली.

मग एका सकाळी कोंडवाडा रिकामा असताना आबा आले. “भाऊसाहेब, येक नोंद घ्या.”

“जनावर कुठाय?”

“यायचंय आजून. वर्नन घ्या. सावळी. हनवटीवर तीन टिंबं गोंदल्याली. चालताना डावा पाय जरा वढती.”

मी ‘वढती’चं ‘ओढते’ करून लिहिलं आणि मग माझा टाक थांबला. आबांची बायको वर्षभर कुरुळीला माहेरी होती. गावाला ठाऊक होतं, विचारत कोणी नव्हतं.

“मालक?” मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

“रिकामं ठिवा. तिची ती हाय.”

“कारण?”

“ल्हिवा. गोठ्यात चार मानसांदेखत म्हनलो, म्हशीला कळतं तेवढं तुला कळत न्हाई.”

मी लिहिलं. आणि म्हटलं, “मग जा की कुरुळीला. समजूत काढा.”

“जनावर मान खाली घालून ऐकतंय, भाऊसाहेब. ती माझ्याकडं बगंल.”

तरी त्यांनी ठरवलं. चाकणच्या पुढच्या बाजाराला जायचं, येताना कुरुळीला उतरायचं. त्या आठवड्यात कोंडवाड्यात एक कालवड होती. आबा तिच्यासमोर फेटा सारखा करून उभे असत. “चुकलं,” म्हणत. जरा थांबून, वेगळ्या आवाजात, पुन्हा “चुकलं.” कालवडीची काही तक्रार नव्हती. ती रवंथ करत असे.

आता माझं. मी अबोल माणूस. चारचौघांत बसलो तरी कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच आठवड्यात भोसरीच्या हॉटेलात चहा घेताना कोणीतरी विचारलं, काय राव, काय म्हणतो तुमचा कोंडवाडा? आणि मी म्हणालो, “आता बायकाही कोंडतो आम्ही. हवं तर वहीत बघा.” आख्खं हॉटेल हसलं. माझ्या बोलण्यावर लोक हसले ते आयुष्यात पहिल्यांदा. मग मी नोंद पाठ म्हणून दाखवली. टिंबं, पाय, सगळं. कारण सांगितलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी कुरुळीहून आबांचा मेव्हणा आला. पंचायतीच्या दारातूनच आबांवर ओरडला, “माझ्या भनीला जनावरांच्या वहीत घातली व्हय रं?”

मी वही पुढे धरून बसलो होतो. उघडून कारणाचा रकाना वाचून दाखवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मग प्रश्न आला असता, की बाहेर कोणी सांगितलं?

“व्हय, घातली,” आबा म्हणाले. मेव्हणा पायरीवर थुंकला. “आता दाराशी येऊ नगंस. ती म्हनती, तोंड बगायचं न्हाई.” आणि गेला.

आबा माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “त्या तालुक्याच्या सायबानं वाचून कुटंतरी सांगितलं आसंल. तुमी कशाला सांगाल?”

मी म्हणालो, “असेल.”

एवढंच बोललो. ती नोंद झाल्यापासून साहेब एकदाही आले नव्हते. आबांना तारखांचा हिशोब राहत नाही, मला राहतो.

याला पाच वर्षं झाली. आबा अजून कोंडवाड्यावर आहेत, कोणाही मालकाला समजुतीशिवाय सोडत नाहीत. चाकणच्या बाजाराला मात्र गेले नाहीत. नियमाप्रमाणे सुटका न झालेल्या नोंदी दर वर्षी नव्या वहीत उतरवाव्या लागतात. त्या दिवशी आबा समोर येऊन बसतात आणि म्हणतात, “ती ऱ्हाऊ देऊ नगा हं, भाऊसाहेब.” मी उतरवतो. सावळी. हनुवटीवर तीन टिंबं. मालक कोरा. कारण पूर्ण. पाच वेळा उतरवली आहे. आता अक्षर पूर्वीपेक्षा चांगलं येतं.

गेनूआबांना मी एक वाक्य देणं लागतो: हॉटेलात मी बोललो. आणि कुरुळीला जाऊन त्या बाईला तो कारणाचा रकाना वाचून दाखवणंही. दोन्ही अजून केलेलं नाही.