बिस्किटची वेणी

सप्टेंबरच्या त्या सकाळी उजेडाला कसलीच घाई नव्हती. प्रथम तो पश्चिमेकडे, वेल्सच्या टेकड्यांच्या माथ्यांवर पडला आणि बराच वेळ तिथेच रेंगाळला. मग मेंढ्यांच्या कुरणांवरून पायरी पायरीने उतरत क्विनलीच्या चर्चच्या मनोऱ्यावर आला. मनोऱ्यावरचा पितळी कोंबडा क्षणभर खराच सोन्याचा वाटला. तिथून उजेड कुंपणाच्या काटेरी झुडपांत शिरला, कोळ्यांच्या जाळ्यांवरचे दव एकेक करून उजळत पुढे सरकला आणि शेवटी एडगर टिमिन्सच्या चार एकरांच्या कुरणात पोहोचला. कुरणाच्या मध्यभागी बिस्किट नावाचा घोडा उभा होता. त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती. ती वाफसुद्धा त्या उजेडात काहीतरी पवित्र असल्यासारखी वर जात होती.

माणसाने घाबरून जावे असे त्या देखाव्यात काहीही नव्हते. तरीही हातात बादली घेऊन आलेला एडगर घाबरला, कारण तो उजेड अखेर बिस्किटच्या आयाळीवर येऊन थांबला आणि आयाळीत वेणी होती. तीन पेडांची, घट्ट, शेवटी निळ्या लोकरीने बांधलेली.

ज्यांनी घोडे पाळले नाहीत त्यांना या वेणीत भिण्यासारखे काय, असे वाटेल. आमच्या भागात मात्र पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते की चोर आधी येऊन घोडा हेरतात, पसंत पडल्यास आयाळीत वेणी घालून खूण करतात आणि मग सवडीने येऊन घेऊन जातात. असा वेणीवाला चोर आजवर कोणी पाहिलेला नाही. त्यामुळे या गोष्टीवर कोणाला शंका घेता आलेली नाही.

बिस्किट चोरीला जाणे एडगरला परवडणारे नव्हते. त्याची बायको रोझलिंड तीन वर्षांपूर्वी दोन पेट्या घेऊन घरातून बाहेर पडली होती. 'हवापालटाला गेलीय,' असे तो गावात सांगत असे. इतका दीर्घ हवापालट क्षयाच्या रोग्यांनाही कधी सांगितला गेला नसावा, पण क्विनलीचे लोक सभ्य आहेत. ते समोर मान हलवतात. रोझलिंडने जाताना घोडा मागे ठेवला होता आणि एडगरची सगळी आशा त्या चार खुरांवर उभी होती. बाई नवऱ्याला विसरेल, पण बिस्किटला विसरणार नाही; घोडा इथे आहे तोवर ती परत येणार. हा युक्तिवाद त्याने इतक्या वेळा स्वतःशी केला होता की त्यातली भोके आता झिजून गुळगुळीत झाली होती.

त्याने लगेच मिसेस हेस्टर मंडी यांना फोन केला. मिसेस मंडी गावच्या अश्वरक्षक मंडळाच्या अध्यक्षा होत्या. मंडळाचे सभासद एक्केचाळीस आणि गावातले घोडे नऊ. दर घोड्यामागे साडेचार माणसांचे असे संरक्षण राजघराण्यालाही नसेल.

"वेणी? किती पेडांची?" बाईंनी दबक्या आवाजात विचारले.

"तीन."

"अरे देवा! म्हणजे टोळी आहे. एडगर, हात लावू नका. श्वास पण बेतानं घ्या. मी निघाले."

बाई आल्या, त्यांनी वेणीचे सोळा फोटो काढले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले. पलीकडच्या शेतातला गार्थ प्रिचर्ड ट्रॅक्टर थांबवून कुंपणाशी आला. मेंढ्या पाळणारा हा माणूस घोड्यांना गवताची नासाडी समजत असे.

"कोण नेणार याला?" तो म्हणाला. "चोवीस वर्षांचा झालाय. डावा डोळा गेलाय, गुडघा वाजतो. चोर पाठीवर घेऊन जाणार का ह्याला?"

"गार्थ, तुम्हाला ह्यातलं कळत नाही," मिसेस मंडी म्हणाल्या.

"नसेल कळत. पण चोरी करायला आलेला माणूस वेणी घालत बसतो आणि घोडा तिथंच ठेवून घरी जातो? मग हा चोर कसला, न्हावी झाला."

दुपारपर्यंत एडगरने फाटकाला दोन साखळ्या आणि तीन कुलपे लावली. फाटक बिजागऱ्यांवरून उचलून काढता येते म्हणून वरची बिजागरी उलटी बसवली. मग चढणारा बरबटून घसरावा म्हणून फाटकाच्या वरच्या दांडीवर त्याने कधीच न वाळणारा काळा रंग फासला. शेवटी 'सावधान, घोडा हिंस्र आहे' अशी पाटी ठोकली. बिस्किटने येऊन तिची एक कड खाल्ली.

एवढ्या बंदोबस्तात एकच उणीव राहिली. एडगरच्या कुरणातून सार्वजनिक पायवाट जाते. ती कोणत्या राजाच्या काळापासून आहे हे कोणालाच माहीत नाही, पण तिला हात लावणाऱ्याची गय नाही हे सर्वांना माहीत आहे. रविवारी पायी भटकणाऱ्यांच्या मंडळाचे तेवीस लोक फाटकाशी अडले. त्यांचा म्होरक्या गळ्यात नकाशा लटकवलेला निवृत्त मास्तर होता.

"साहेब, ही वाट बंद करायचा तुम्हाला अधिकार नाही," तो म्हणाला.

"माझ्या घोड्याच्या जिवाचा प्रश्न आहे!"

मास्तरांनी घोड्याकडे पाहिले. घोडा तेवीस जणांच्या पिशव्यांतली गाजरे हुंगत होता. "हाच का तो हिंस्र?" त्यांनी विचारले आणि तिथल्या तिथे कौन्सिलला फोन लावला.

बुधवारी कौन्सिलचे पत्र आले. फाटक बंद ठेवायचे असेल तर ठेवा, पण शेजारी कुंपणावरून चढून जायला लाकडी पायऱ्या बांधून द्या, तेही स्वखर्चाने. अशा रीतीने घोड्यापर्यंत कोणी पोहोचू नये म्हणून एडगरने दोन दिवस खपून तिथवर जाण्याची उत्तम सोय केली.

त्यानंतर तो रोज सकाळी खुर्ची घेऊन त्या पायऱ्यांपाशी बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव आणि प्रयोजन विचारू लागला. लोक नाव सांगत आणि प्रयोजन म्हणून 'चालणे' सांगत. मंगळवारी मात्र बाजाराला जाणे भाग होते. तो गेला, परत आला, आणि बिस्किटच्या आयाळीत नवी वेणी होती.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. या वेळी घोड्याचे खूरही साफ केलेले होते. अंगाला खरारा झाला होता, जाड कातडीवर कधी न दिसलेली झळाळी आली होती आणि तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता.

"बघा!" मिसेस मंडी म्हणाल्या. "विकायला काढायच्या आधी माल चकाचक करतायत."

"पण पेपरमिंट?" एडगरने विचारले. हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज किंचित खाली गेला.

"विश्वास संपादन करायला. फार मुरलेले लोक असतात हो हे."

एडगरने मान हलवली. रोझलिंडच्या कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी कायम असे, हे त्याला आठवले. पण आठवण आणि पुरावा यांत फरक असतो आणि चोरांच्या टोळ्या गोळ्या घाऊक भावाने घेत असाव्यात, असे म्हणून त्याने तो विषय मनात बंद केला. फाटकापेक्षा ते कुलूप चांगले बसले.

मग मिसेस मंडींनी बेत आखला. मंगळवारी सकाळी एडगरने सर्वांदेखत बाजाराला निघायचे, मोटार गार्थच्या गोठ्यामागे लपवायची आणि पायी परत येऊन कुरणातल्या पाण्याच्या हौदामागे दडून बसायचे. मंडळाचे सहा निवडक सभासद झुडपांत असतील. चोर दिसला की शिट्टी.

मंगळवारी धुके होते. एडगर ठरल्याप्रमाणे निघाला आणि ठरल्याप्रमाणे परत आला. पायऱ्यांनी गेलो तर चोराला दिसू, म्हणून तो आडबाजूने फाटकाशी आला. तिन्ही किल्ल्या मोटारीत राहिल्याचे तिथे त्याच्या ध्यानात आले. परत जायला वेळ नव्हता. तो फाटकावर चढला. दांडीवर दोन्ही पाय टाकून बसल्यावर त्याला रंगाची आठवण झाली. कधीच न वाळणारा म्हणून दुकानदाराने दिलेला तो रंग दुकानदाराच्या शब्दाला जागला होता. हात बरबटले, पाय घसरू लागले. धुक्याचे पाणी पुसायला त्याने तोंडावरून हात फिरवला आणि चेहऱ्याचाही निकाल लागला.

झुडपांतून शिट्टी वाजली.

"पकडा! काळं फडकं बांधलंय तोंडाला!" मिसेस मंडी ओरडल्या.

सहा सभासदांनी एडगरला खाली ओढले. दोघे त्याच्या पाठीवर बसले. त्यांतला एक त्याच्याच चर्चमध्ये त्याच्या शेजारी उभा राहून दर रविवारी गात असे.

"अहो, मी आहे! एडगर!"

"नाव पण माहिती करून घेतलंय बघा बदमाशानं," पाठीवरचा म्हणाला.

पोलिसांना आधीच फोन गेलेला होता. एरवी आमच्याकडे पोलीस यायला चार दिवस लागतात. आज वीस मिनिटांत आले. कॉन्स्टेबल टज ही तरुण, वाऱ्याने गाल लाल झालेली मुलगी होती. तिने ओल्या फडक्याने खालच्या माणसाचे तोंड पुसले आणि आतून एडगर निघाला. सभासद उठून उभे राहिले आणि आकाशाकडे पाहू लागले.

"मग चोर कुठाय?" कॉन्स्टेबलने विचारले.

सर्वांनी वळून पाहिले. धुके विरले होते. कुरणाच्या मध्यभागी बिस्किट उभा होता आणि त्याच्या मानेशी हिरव्या कोटातली एक बाई शांतपणे आयाळ विंचरत होती. ती पायवाटेने, एडगरने बांधलेल्या पायऱ्या चढून आली होती. एवढा गोंधळ होऊनही तिने वेणी अर्धवट सोडली नव्हती.

"रोझलिंड," एडगर म्हणाला.

"थांब, शेवटचा पेड राहिलाय," ती म्हणाली. "माश्या डोळ्यावर बसतात रे त्याच्या. आयाळ बांधली की जरा बरं पडतं. हे काय, तुझ्या तोंडाला काय झालं?"

मिसेस मंडी पुढे झाल्या. "कॉन्स्टेबल, ही बाई गेले तीन आठवडे..."

"तीन वर्षं," रोझलिंड म्हणाली. "लोकर एवढ्यातच लावायला लागले. आधीच्या वेण्या सुटून जायच्या."

"घोड्याची कागदपत्रं कोणाकडे आहेत?" कॉन्स्टेबलने विचारले.

एडगरने खिसे चाचपले. त्यांत फक्त रंग होता. रोझलिंडने पिशवीतून घोड्याचा पासपोर्ट काढून दिला. आमच्या देशात घोड्यालाही पासपोर्ट लागतो. कॉन्स्टेबलने बिस्किटच्या मानेतल्या ओळखीच्या चिपवरून यंत्र फिरवले, ते टुणकन वाजले, पासपोर्टातले आकडे जुळले.

"मालक रोझलिंड टिमिन्स," तिने वाचले. "म्हणजे बाई सार्वजनिक वाटेनं आल्या आणि स्वतःच्या घोड्याला भेटल्या. यात काही गुन्हा दिसत नाही. तुमचं मात्र, मिस्टर टिमिन्स, धोक्याची सूचना न लावता हा असला रंग फासल्याबद्दल लिहून घ्यावं लागेल."

"सूचना होती!" एडगर म्हणाला. "घोड्यानं खाल्ली."

"ती घोड्याबद्दल होती," गार्थ कुंपणापलीकडून म्हणाला. त्याने या सोहळ्यासाठी चहाचा थर्मास आणला होता.

एडगर रोझलिंडजवळ गेला. काळ्या हातांचे काय करावे ते न सुचून त्याने ते पाठीमागे धरले. "मी नेहमी वाट बघत होतो," तो हळूच म्हणाला. "घर इथून दोनशे पावलांवर आहे, रोझ."

"माहितीये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी धरायला मिळाले असते. "म्हणूनच मंगळवार निवडला. तू बाजारात असतोस."

तिने वेणीला निळी लोकर बांधली, घोड्याच्या नाकावर हात ठेवला, मिसेस मंडींना "येते हं" म्हटले आणि पायऱ्या चढून पायवाटेने निघून गेली. बिस्किटने चार पावले तिच्या मागे टाकली आणि मग, वाजणाऱ्या गुडघ्याचा विचार करून, थांबला.

सभासद एकेक करून पांगले. कॉन्स्टेबल टजने मोटारीच्या टपावर कागद ठेवला आणि पेनाला झटका दिला.

"नाव, पत्ता झालं. आता त्या बाई तुमच्या कोण? पत्नी लिहू? एकत्र राहता ना?"

"तसं म्हणजे..." एडगरने सुरुवात केली. हवापालट हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला.

"मिस्टर टिमिन्स, रकाना एवढासाच आहे. थोडक्यात सांगा."

"नाही," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी ती मला सोडून गेली."