हसनचाचांची बिनआवाजी बंदूक

बाजारात बायका नारळ कानाशी हलवून बघतात, तशी आमचे शेजारी हसनचाचा मोटर कानाशी धरून बघत. डोळे मिटून. जावई दुबईहून रत्नागिरीला आला की चहाच्या आधी त्याची बॅग उघडली जाई. अंगठ्याएवढी मोटर बॅटरीला जोडून चाचा ऐकत आणि तोंड वाकडं करत. "ही नको. ओरडते मेली."

मोटर लागे ती प्लास्टिकचे पांढरे छरे उडवणाऱ्या बॅटरीवरच्या बंदुकीला. तीही जावयानेच आणलेली. चाचींना दमा होता. रात्र बसून जाई, दुपारी जरा डोळा लागे, आणि नेमकी तेव्हाच माकडं कौलांवर उड्या मारत. फटाका लावला तर माकडं पळत, पण चाचीही दचकून उठत. चाचींची झोप न मोडता माकडं हाकलायची, एवढाच चाचांचा ध्यास.

चाचा जन्मभर जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. मला समजावत, "बॅटरी दांडगी नि मोटर नाजूक, तर मोटर जळते. मोटर दांडगी नि बॅटरी अशक्त, तर बॅटरी तापते. सोयरीक बघून करावी. आणि मोटर पळणारी नको रे, ओढणारी हवी. आत स्प्रिंग ओढायची असते."

हाच नियम ते माणसांनाही लावत. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेलो, तर चाचांनी पेढा हातात धरून विचारलं, "पळणारा की ओढणारा?"

"ओढेन, चाचा."

"मग टिकशील," म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

एकदा मात्र जावयाच्या भरीला पडून त्यांनी पळणारी मोटर आणि दुप्पट जोराची बॅटरी बसवली. चाप ओढताच घुर्रर्र! सगळे छरे कुंपणापलीकडे, आमच्या अंगणात आईने वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या फेण्यांत. आई सूप घेऊनच आली. "हसनभाई, यातले कुठले दाणे तळायचे तेवढं सांगा!" चाची जाग्या झाल्याच होत्या. हसून हसून त्यांना खोकला आला. "यांच्यापेक्षा माकडं बरी, वहिनी!"

शेवटी सोयरीक जमली. हळू, पण जोरकस मोटर. आवाज शिलाई मशीनइतकाही नाही. चाचा माकडाला मारत नसत, त्याच्या बाजूचं फणसाचं पान मारत. टप्. माकड विचारात पडून निघून जाई. आत चाची गाढ झोपलेल्या, बाहेर दारापुढच्या खळ्यात चाचा मांडीवर बंदूक घेऊन बसलेले.

पुढे दमा वाढला. मुलीने चाचींना औषधपाण्यासाठी मुंबईला नेलं. आंब्याची कलमं राखायला चाचा मागे राहिले.

सुट्टीत मी भेटायला गेलो, तर छपरावर माकडांचा धुडगूस चाललेला. एक कौल आमच्या पायाशी येऊन फुटलं. चाचा खुर्चीवरून हलले नाहीत.

"बॅटरी उतरली काय, चाचा?"

"भरलेली आहे." ते वर बघत होते. "नाचू देत रे. तुझी चाची डबे काढताना अशीच आदळआपट करायची."