जावईबापूंचा तेलबदल

"बाबा, तुमचा मिस्त्री तेल बदलतच नाही! जुनंच परत ओततो! यंदा तेल मी बदलणार, आपल्या अंगणात!" जावईबापूंनी जाहीर केलं.

गाडी सासऱ्यांची. लेक दिली तेव्हा त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. गाडी हाती द्यायची म्हटल्यावर घाम फुटला. शिवाय मिस्त्री वीस वर्षांचा ओळखीचा.

"ठीक आहे," ते म्हणाले. "नीट जमलं, तर पुढच्या महिन्यात सहलीला गाडी तुम्ही चालवा. नाही जमलं, तर मिस्त्रीची माफी मागायची आणि तुम्ही यायचं बसनं!"

जावईबापूंनी वही उघडली. बायको एका दुपारीत पसंत केली होती. पंपाला तीन आठवडे लागले. हातपंप की पायपंप? नरसाळं सरळ मानेचं की वाकड्या? दुकानदारानं अकरा नरसाळी मांडली. जावईबापूंनी प्रत्येकात फुंकर मारून पाहिली. का, ते विचारायचं धाडस दुकानदाराला झालं नाही!

अखेर हातपंप, लांब मानेचं नरसाळं, झाकणाची मापाची झारी आणि एक काळा चष्मा घरी आला.

"अहो, सावलीत काळा चष्मा?" बायकोनं विचारलं.

"तेल उडतं!"

"कुठे उडालंय?"

"चष्मा लावलाय ना, म्हणून!"

जावईबापूंनी डब्यातलं नवं तेल मोजून झारीत ओतलं, झाकण लावलं. मग तेल मोजायची पट्टी उपसून त्या भोकातून पंपाची नळी सोडली. पंप असा ओढू लागला, जणू इंजिनाशी जुनं वैर! पंपाची टाकी भरली. आता हे काळं तेल ओतायचं कशात? वहीत चौदा अवजारं होती. घाण तेलाचं भांडं तेवढं राहून गेलं होतं. समोर नव्या तेलाचा रिकामा डबा दिसला. ओतलं त्यात.

इतक्यात सासऱ्यांचा फोन. "जमतंय का?"

"जमतंय म्हणजे काय!" इथून पुढे अर्धा तास जावईबापूच बोलत होते.

फोन ठेवून गाडीकडे परतले तोवर डोक्यात फक्त विजय उरला होता. डब्यावर छापलेलं: नवं तेल. नरसाळं लावलं, चष्मा सावरला आणि डबा इंजिनात रिकामा केला!

"ही झारी मिस्त्रीला नेऊन दे," ते बायकोला म्हणाले. "म्हणावं, जुनं तेल असं दिसतं!"

तासाभरानं सासरे आले. पट्टी उपसली.

"पातळी बघा, बाबा! होती तेवढीच! केसाचा फरक नाही!"

"खरंय," सासरे म्हणाले. "रंगातही नाही."

मागून मिस्त्री आला, हातात झारी. झाकण उघडून म्हणाला, "साहेब, हे जुनं? अहो, यात तळ दिसतोय!"

जावईबापूंनी चष्मा काढला. झारीत मधासारखं पिवळं तेल.

मिस्त्री सासऱ्यांकडे वळला. "जावईसाहेबांचं चुकलं नव्हतं हो. जुनंच तेल परत ओतणारी माणसं असतात!"

माफी अंगणातच मागितली गेली. मिस्त्रीनं तेच तेल त्याच पंपानं वीस मिनिटांत बदललं. "पंप मात्र फर्स्टक्लास निवडलात!" तो म्हणाला, आणि जावईबापूंनी तेवढं वहीत टिपून ठेवलं.

सहलीच्या सकाळी सासऱ्यांची गाडी बसथांब्यावरून गेली. पुढच्या सीटवर मिस्त्री बसला होता, खास निमंत्रणावरून. मागून बायकोनं हात हलवला. जावईबापूंना ते दिसलं नाही म्हणे.

चष्मा लावलेला होता ना!