रिकाम्या दवाखान्याचा फोटो

"पोरीच्या अंगावर पुरळ उठलंय, ताप उतरत नाहीये, आणि तू यादी कसली वाचतोयस?" बायको म्हणाली.

"आपल्या कंपनीच्या यादीतला बालरोगतज्ज्ञ शोधतोय. विमा मग कशाला घेतलाय?"

तो विमा कंपनीत नोकरीला होता. डॉक्टरांनी अर्ज करायचा, त्याने तपासायचा, आणि सगळं ठीक असलं तर दवाखाना कंपनीच्या यादीत घ्यायचा. सगळं ठीक कधी नसायचंच. ऑफिसात त्याला 'भिंग' म्हणत, आणि हे आपलं कौतुक आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

या भागात ते नव्यानेच राहायला आले होते. मागच्याच गल्लीत एक डॉक्टरबाई होत्या आणि शेजारपाजारचे सगळे त्यांचंच नाव घ्यायचे. पण त्या यादीत नव्हत्या. यादीत जवळचे म्हणून जे डॉक्टर होते ते नदीपलीकडे. त्याने फोन लावला, तो एका वयस्कर बाईंनी उचलला. त्याने कंपनीचं नाव सांगून डॉक्टरांना विचारलं.

"डॉक्टर? ते जाऊन वर्ष होत आलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या कंपनीचं वाढदिवसाचं कार्ड मात्र येतं हो वेळेवर."

त्याने फोन ठेवला. यादी त्याच्याच विभागाची होती. अर्जातला स्वल्पविरामही न सोडणाऱ्या त्याच्या टेबलावरून एक अख्खा माणूस निसटला होता. बायकोने मुलीला दुपट्यात गुंडाळलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "मी मागच्या गल्लीत चालले. तुला यायचं तर ये."

दवाखाना पोरांनी गजबजलेला होता. बाकावर, बाकाखाली, वजनकाट्यावर, जिकडे बघावं तिकडे पोरं. खिडकीशी नंबर लिहिणाऱ्या मावशी मान खाली घालून बसल्या होत्या. तो पुढे झाला आणि ऑफिसातल्या सवयीने घसा साफ करून म्हणाला, "नमस्कार. माझं एक छोटंसं काम होतं."

मावशींचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. "पुन्हा बोला बरं."

"काय बोलू?"

"'छायाचित्रात माणसं दिसता कामा नयेत', असं म्हणा."

मावशींनी आत हाक दिली, "बाई, फोटोवाले आलेत. स्वतः आलेत."

आता त्याला सगळं आठवलं. दवाखान्याचा आतला फोटो हवा आणि तो रिकामा हवा, असा कंपनीचा नियम होता. या बाईंनी पाठवलेल्या पहिल्या फोटोत बाकाखालून एक पाय दिसत होता. दुसऱ्यात पडद्याआडून नाक. तिसऱ्यात तर वरवर पाहता कुणीच नव्हतं, पण भिंगाला वजनकाट्याच्या ताटलीत चार बोटं सापडली होती. प्रत्येक वेळी त्याने स्वतः फोन करून, अत्यंत नम्रपणे, फोटो परत पाठवला होता.

बायको त्याच्याकडे बघत होती. एरवी ती भांडायची; आज तिने मुलीला त्याच्यापासून लांब, दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आता बाई आपल्याला हाकलून देणार, मग पोरीला कुठे न्यायचं, असं त्याला वाटलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. पांढरे केस, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि स्टेथोस्कोपला लोंबकळणारं कुणाचं तरी पोर. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मुलीला घेतलं, घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं, पुरळावरून बोट फिरवलं. "घाबरू नका. ताप उतरला की पुरळही जाईल. औषध लिहून देते. उद्या दुपारी पुन्हा दाखवून जा." मग पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "बसा ना. उभे का?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "बाई, तुमचा फोटो मीच काढतो," तो म्हणाला. "आत्ता."

मग जे झालं ते त्या गल्लीने पूर्वी पाहिलं नव्हतं. त्याने सगळ्यांना हात जोडून बाहेर काढलं. आया फुटपाथवर उभ्या राहून त्याचा उद्धार करत होत्या, "तापलेली पोरं बाहेर काढतोय, कोण आहे हा मेला?" एकाला बाहेर ठेवावं तोवर दुसरं रांगत आत. शेवटी मावशींनी दार अडवून धरलं. बायकोने औषध आणायला जाताना मुलगी त्याच्याकडे दिली होती. तिला एका हाताने कडेवर सावरत, दुसऱ्या हाताने त्याने फोटो काढला. बाक रिकामे, काटा रिकामा. नियमात चोख बसेल असा फोटो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने तो मोठा करून पाहिला आणि खुर्चीतून अर्धा उठला. औषधांच्या कपाटाच्या काचेत, कडेवर पोर घेतलेला एक घामाघूम माणूस स्पष्ट दिसत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न दिसल्यासारखं करून मंजुरीचं बटण दाबायला बोट पुढे नेलं.

"काचेत कोण आहे?" मागे साहेब उभे होते. "भिंगा, तुझ्या नजरेतून सुटलं हे? कमाल आहे. लाव फोन, परत पाठव. माझ्यासमोर लाव."

त्याने फोन लावला. "नमस्कार," तो कसाबसा म्हणाला.

पलीकडे मावशी होत्या. "एक मिनिट हं," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लांब गेला. "अहो ताई, तुमच्या ह्यांचाच फोन आहे. तुम्हीच घ्या."

मुलीला पुन्हा दाखवायला बायको तिथेच आली होती. "बोल," ती म्हणाली. मागे त्याच्या मुलीचं खिदळणं ऐकू येत होतं. "ताप उतरलाय तिचा. बाईंनी आम्हाला रांगेतून आधी घेतलं. तू काय म्हणत होतास?"

साहेब वाट बघत होते. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा काचेतल्या त्या घामाघूम माणसाकडे.

"बाईंना सांग," तो म्हणाला, "त्यांचं नाव यादीत आलं." आणि साहेबांचा वासलेला आ मिटायच्या आत त्याने बटण दाबलं.