आईचा टाका, भिंतभर

कॅमेऱ्यात क्वालिटीची एक पट्टी असते. ती मी शेवटपर्यंत सरकवली. बस, एवढंच केलं, अंगठ्याचं काम. त्यानंतर घरात जो गोंधळ झाला त्याला मी जबाबदार, आणि त्यातून जे चांगलं निघालं त्याला ती स्वतः जबाबदार, असं बायकोचं म्हणणं आहे. (दोन्ही खरं आहे. म्हणून तर हे आभारप्रदर्शन.)

झालं असं की आईने शिवणक्लास बंद करायचं ठरवलं. हा क्लास माझ्याही आधीपासूनचा. आमची पुढची खोली म्हणजे मशिनी, मापाच्या टेपा आणि कापडाचे तुकडे. मी चालायला शिकलो तेच टाचण्या चुकवत. पण आता आईला बारीक काम दिसेना. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे, डोळ्यांना ताण नको. काजाचे टाके ती घालायची, पण सवयीने. "मला माझाच टाका दिसत नाही, तर दुसरीचा चुकलेला काय दाखवू?" एवढं म्हणून तिने विषय मिटवला.

जुन्या विद्यार्थिनींनी रविवारी एका हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठरवला. तिथे भिंतभर पडदा आहे हे कळल्याबरोबर मी जाहीर करून टाकलं की बाईंवरची फिल्म मी करणार. आणि मनात पक्कं केलं की तिचा टाका त्या पडद्यावर इतका मोठा, इतका स्वच्छ दाखवायचा, की क्लास सोडण्याआधी एकदा तरी तिला तो नीट दिसला पाहिजे. म्हणून ती पट्टी. म्हणून फोर-के, कॅमेऱ्यातली सगळ्यात वरची क्वालिटी.

शूटिंग मस्त झालं. मग मी फाईल लॅपटॉपवर उघडली आणि त्याचा पंखा असा फिरायला लागला की टेबलावरचे कागद उडाले. प्ले दाबलं. पडद्यावर आईने सुई उचलली. ती सुई कापडापर्यंत पोचेस्तोवर मी चहा करून, पिऊन, कप धुऊन आलो. वर लॅपटॉप म्हणाला, जागा नाही.

इथे माझ्या घरच्यांचे आभार. जागेसाठी सगळ्यांनी काय काय सोडलं! बाबांनी ‘शुभ सकाळ’ची सगळी फुलं काढून टाकली, एकेक उघडून, "हा चांगला होता" असं म्हणत म्हणत. ताईने तिची हार्डडिस्क दिली. बायकोने अर्धवट बघितलेली सिरियल पुसली आणि शेवट काय होतो ते आता मी सांगायचं, असं बजावलं. (मी रोज थोडा थोडा बनवून सांगतोय. खुनी अजून ठरलेला नाही.)

जागा झाली, पण सुई काही पुढे सरकेना. मग मी नेटवर शोधलं तर कळलं की शहाणी माणसं मोठ्या फाईलवर कामच करत नाहीत. तिची एक छोटी, हलकी कॉपी करतात, तिला प्रॉक्सी म्हणतात. कापाकापी सगळी त्या कॉपीवर करायची आणि शेवटी कॉपीच्या जागी मूळ फाईल बसवायची. जेवताना मी हे सगळ्यांना उत्साहात समजावून सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे आधी कागदावर कापून बघायचं आणि मग कापडाला कात्री लावायची. ती हे पहिल्या दिवशीच शिकवते.

प्रॉक्सी म्हणजे काय सुख हो. लॅपटॉप शांत, सुई भराभर चालतेय, मी शीळ घालतोय. शनिवारी सकाळी फिल्म तयार. फक्त फायनल फाईल काढायची, तर पुन्हा जागा नाही. मी हार्डडिस्क उघडली. दोन फोल्डर. एक छोटं, ज्याने इतके दिवस इमानेइतबारे काम केलं. दुसरं अगडबंब, ज्याला मी हातही लावला नव्हता, नुसतं पसरून बसलेलं. तुम्ही काय केलं असतं?

तुम्ही नसतं केलं. मी केलं. डिलीट. रिसायकल बिनसुद्धा रिकामा. डिस्कवर कशी ऐसपैस जागा झाली, बघून बरं वाटलं. सॉफ्टवेअरने मध्येच काहीतरी लांबलचक विचारलं, मी ‘हो’ म्हटलं. (मी सॉफ्टवेअरला कायम हो म्हणतो. लग्नानंतरची सवय.)

दुपारी टीव्हीसमोर सगळ्यांना बसवून ट्रायल दाखवली. आईचा चेहरा आला, तो जणू वाफेतून. मग टाका आला. म्हणजे मला माहीत होतं म्हणून टाका. एरवी तो पावसात पुसलेला खडूचा ठिपका वाटला असता.

आईने चष्मा काढला, पुसला, घातला. खुर्ची पुढे सरकवली. पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाली, "कालपर्यंत टीव्ही तरी नीट दिसत होता."

बाबा म्हणाले, त्यांनाही धूसरच दिसतंय. आई म्हणाली, "तुम्ही उगाच माझी समजूत घालू नका," आणि उठून आत गेली.

मी तिच्या मागे धावत गेलो, फाईलमध्ये गडबड आहे, तुझ्या डोळ्यांत नाही, असं परत परत सांगितलं. तिने मान हलवली, पण लहान मुलाच्या थापेला हलवतात तशी.

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"मोठ्या फायली कुठेयत?"

"काढल्या. जागा नव्हती ना."

ती म्हणाली, "म्हणजे कागदाचा शर्ट शिवलास आणि कापड कचऱ्यात टाकलंस."

मला एकच आशा होती, कॅमेऱ्याची मेमरी कार्डं. पण ती रविवारच्या शूटिंगसाठी रिकामी करून ठेव, असं मीच तिला सांगितलं होतं. तरी विचारलं, "कार्डं पुसलीस?"

"किती वेळा सांगितलं होतंस?"

"दोनदा."

"मग नाही पुसली."

हिचा नियम असा की मी पहिल्यांदा सांगतो तो माझा विचार असतो, दुसऱ्यांदा सांगतो तो माझा मूड असतो, आणि तिसऱ्यांदा सांगितलं तरच ते काम. या नियमावरून मी आजवर किती भांडलोय. त्या दिवशी फ्रीजला टेकून मी देवाचे आभार मानले, की माझी बायको माझं ऐकत नाही.

मग ती शेजारी खुर्ची घेऊन बसली. कार्डांवरचं सगळं परत उतरवलं, कॉपीच्या जागी मूळ फायली बसवल्या. या वेळी सॉफ्टवेअरने विचारलेला प्रत्येक प्रश्न तिने मोठ्याने वाचला आणि ती सांगेपर्यंत मी माऊसला हात लावायचा नाही, असं ठरलं.

रविवारी हॉलमध्ये अंधार झाला आणि पडद्यावर आईचा टाका आला. हाताएवढा जाड. धाग्याचा पीळ दिसत होता, पीळ! आई पहिल्या रांगेतून उठली आणि सरळ पडद्याजवळ गेली.

"थांबव रे जरा."

मी थांबवलं.

"हा बघा, हा तिरका आलाय." तिने बोट लावून दाखवलं. सगळ्याजणी हसल्या. आई हसली नाही. वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "अरे, मला दिसला तो."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, मग क्लास बंद कशाला करताय?"

निरोपाचा कार्यक्रम तिथेच बारगळला. भाषणं राहिली, चहा मात्र झाला.

आता पुढच्या खोलीत टीव्ही आलाय, त्याला माझा कॅमेरा जोडलाय. कोणीही काज शिवत असलं की ते टीव्हीवर ताटाएवढं दिसतं, आणि आई लांब खुर्चीत बसून एकेक टाका पकडते. ऑफिसमधून आलो की कॅमेरा मी धरतो. स्टँड आहे, पण स्टँडला ‘जरा डावीकडे’ म्हटलेलं कळत नाही, असं आईचं मत. मलाही फारसं कळत नाही, पण मी ओरडा खाऊन सुधारतो.

यात रेकॉर्ड काहीच होत नाही. फाईल नाही, जागेचा प्रश्न नाही. रेकॉर्डच्या बटणावर बायकोने जाड चिकटपट्टी लावलीय. मी दुखावून विचारलं, एवढाही विश्वास नाही का माझ्यावर?

"आहे ना," ती म्हणाली. "म्हणून तर लावली."