मऊ बांधलेलं पॅलेट

गोदामातून रिकामी पॅलेट्स परत पाठवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे आधीच सांगून टाकते. पॅलेट म्हणजे ज्यावर खोकी रचतात आणि ज्याच्या खाली फोर्कलिफ्ट आपले दात घालते, ती लाकडी चौकट. ही आमच्या मालकीची नसतात. सगळ्या कंपन्यांत मिळून एक सामाईक साठा असतो, त्याला पूल म्हणतात. सगळी एका मापाची, एकाच निळ्या रंगाची. आज आमच्या साबणाखाली, उद्या आणखी कोणाच्या बिस्किटांखाली. कोणतंही द्या, कोणतंही घ्या.

त्या दिवशी सासूबाई बहिणीकडे गेलेल्या, म्हणून आमच्या लेकीला, दीड वर्षाच्या मुंगीला, मी कामावर नेलं. सोबत अर्थातच 'मऊ' आला. मऊ म्हणजे माझ्या बाळंतपणातल्या गाऊनचा तुकडा. तो गालाशी असल्याशिवाय मुंगी झोपत नाही, आणि मुंगी झोपली नाही की आमची अख्खी इमारत झोपत नाही.

गोदामात पाय ठेवताच मऊ जमिनीवर पडला. जंतू! मी तो तिथल्या तिथे धुतला, बाहेर उन्हात रिकाम्या पॅलेट्सच्या थप्पीवर वाळत घातला, उडू नये म्हणून फळीला गाठ मारली. वर आणखी एक गाठ, कारण माझा स्वभावच तसा. मग आत जाऊन तत्परतेने पूलच्या ऑफिसला फोन केला: थप्पी तयार आहे, लॉरी पाठवा.

एरवी वाट पाहायला लावणारी लॉरी नेमकी लगेच आली!

झोपेच्या वेळी मुंगीने भोकाड पसरलं, तेव्हा मी बाहेर धावले. थप्पीच्या जागी नुसती धूळ.

पुन्हा फोन. पूलच्या साहेबांना वाटलं, मला जास्तीची पॅलेट्स हवीत. मी म्हटलं, नको, मघाशी नेलेलं तेच हवंय.

"मॅडम," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पूलमध्ये 'तेच' नसतं."

"त्याला मऊ कापड बांधलंय हो. त्यावाचून आमचं सगळं अडलंय."

मागून मुंगीचा सूर असा लागला होता की आमच्याकडे यंत्रच बिघडलंय, असं त्यांना वाटलं असावं. 'करतो व्यवस्था' म्हणत त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

आणि केली की व्यवस्था! दुपार कलताना लॉरी भरून पॅलेट्स आली, प्रत्येकाला एकेक कापड बांधलेलं. फडकी, बनियनचे तुकडे, कोणाचा तरी अर्धा टॉवेल. ड्रायव्हरकाका म्हणाले, डेपोत सगळे हातातली कामं टाकून गाठी मारत बसलेत. मालाला ओरखडे पडू नयेत म्हणून नवा नियम आलाय म्हणे, बाकीच्या गोदामांनाही कळवलंय.

मुंगी मात्र हुंदके देत थप्पीपाशी गेली. ग्रीसने माखलेल्या एका पिवळ्या फडक्याकडे तिने बोट दाखवलं. काकांनी ते सोडून तिच्या हातात दिलं. तिने हुंगलं, गालाशी धरलं आणि काकांच्या खांद्यावर गाढ झोपली. ग्रीस! तिचा चमचासुद्धा उकळून घेणारी बाई मी!

काका तिला थोपटत उभे होते. मी थप्पीच्या मागे एकेक गाठ सोडत, एकेक चिंधी हुंगत पुढे सरकत होते.

"अहो ताई, पोर झोपली की. आता काय शोधताय?"

"तिचं भागलं हो काका," मी आडूनच म्हटलं. "मला कशी झोप लागणार?"